वेल्डिंग मशीन ठेवलेल्या टेबलाला हात लावला की झिणझिण्या येतात, पण आरसीसीबी पडत नाही

छंदिष्ट

नमस्कार. मी व्यवसायाने वेल्डर नाही. लोखंडी मांडण्या, टेबलांच्या चौकटी आणि फाटकाची किरकोळ दुरुस्ती अशी स्वतःपुरती कामे करता यावीत म्हणून मी सिंगल फेजवर चालणारे एक इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतले आहे. त्याच्या पाटीवर २०० अँपिअर आणि ६० टक्के ड्यूटी सायकल (दहा मिनिटांपैकी किती वेळ त्या प्रवाहावर चालेल ते प्रमाण) असे लिहिलेले आहे. मी ६०१३ प्रकारचे, २.५ आणि ३.१५ मिलिमीटर जाडीचे रॉड वापरतो. कामाच्या शेडमध्ये १६ अँपिअरचे सॉकेट आहे. मात्र ते टेबलापासून दूर असल्यामुळे मधे ३० मीटरची एक्स्टेन्शन वायर लावावी लागते आणि तिचा बराचसा भाग रिळावर गुंडाळलेलाच राहतो. मशीन एका लोखंडी टेबलावर ठेवलेले असते आणि जॉबही, म्हणजे जोडायचा तुकडाही, त्याच टेबलावर असतो.

मला तीन गोष्टींचा उलगडा होत नाही. मशीन नुसते चालू असताना, म्हणजे आर्क (रॉड आणि जॉब यांच्यामधली विजेची ज्वाला) पेटवलेला नसतानाही, टेबलाला हाताची मागची बाजू लागली तर बारीक झिणझिण्या येतात. दुसरी गोष्ट अशी की, हातमोजे घामाने ओले झालेले असताना रॉड बदलायला गेलो तेव्हा चांगलाच झटका बसला आणि तो या झिणझिण्यांपेक्षा निश्चितच वेगळा होता. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारे उपकरण) आहे, टेस्ट बटण दाबले की तो पडतो, पण या दोन्ही वेळी तो पडला नाही. यावरून गळती नाही असे समजावे काय? तिसरी अडचण ३.१५ च्या रॉडची आहे. तो सारखा चिकटतो, आणि जरा वेळ सलग काम चालले की १६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) पडतो. मशीनमध्येच दोष आहे की माझ्या जोडणीत, हे कसे ओळखावे?

कामसू

झिणझिण्या सगळ्याच इन्व्हर्टर मशीनना येतात, त्याची फार काळजी करू नका. फारच त्रास होत असेल तर सॉकेटमध्ये अर्थची पिन आणि न्यूट्रल यांच्यामध्ये तारेचा एक तुकडा जोडून द्या, लगेच थांबतील. ते नको असेल तर टेबलाशेजारी जमिनीत एक सळई ठोका आणि टेबल तिला जोडा. एमसीबीचे म्हणाल तर तो २५ किंवा ३२ अँपिअरचा बसवला की प्रश्न मिटतो.

वीजतंत्री

कामसू यांची क्षमा मागून सांगतो, या तिन्ही सूचनांपैकी एकही अमलात आणू नका. मशीन बंद करा, प्लग काढून ठेवा आणि खालील तपासणी पूर्ण होईपर्यंत ते वापरू नका.

झिणझिण्या आणि झटका या दोन निराळ्या परिपथांतल्या घटना आहेत आणि आरसीसीबी न पडण्याचे कारणही दोन्ही ठिकाणी निराळे आहे. मी फक्त पुरवठ्याच्या बाजूविषयी लिहितो. रॉड धरणाऱ्या होल्डरच्या बाजूचे माझ्यापेक्षा वेल्डिंग करणारेच चांगले सांगतील.

इन्व्हर्टर मशीनमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. त्यातून निर्माण होणारा विद्युत गोंगाट घराच्या वायरिंगमध्ये पसरू नये म्हणून मशीनच्या आत एक फिल्टर असतो आणि त्यातील छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून लोखंडी खोक्याकडे जोडलेले असतात. अर्थची तार शाबूत असते तेव्हा या कपॅसिटरमधून झिरपणारा अगदी क्षुल्लक प्रवाह तिच्यावाटे निघून जातो आणि कोणालाही काही जाणवत नाही. तीच तार कोठे तुटलेली असेल, तर त्या प्रवाहाला जाण्यासाठी वाट उरत नाही आणि खोका फेज व न्यूट्रल यांच्या मधोमध तरंगत राहतो, म्हणजे २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर साधारणपणे ११५ व्होल्टच्या पातळीला. तुमचे मशीन लोखंडी टेबलावर आहे, त्यामुळे टेबलही त्याच पातळीला जाते. हाताला जाणवणारा प्रवाह बहुधा एक मिलिअँपिअरच्याही आतबाहेरचा असतो. ३० मिलिअँपिअरला पडणारा आरसीसीबी त्याची दखल घेणार नाही आणि घेऊही नये.

टेस्ट बटणाबद्दलही एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ते बटण आरसीसीबीच्या आत बसवलेल्या एका रोधातून कृत्रिम गळती निर्माण करते; त्यामुळे सॉकेटला अर्थची तार मुळीच नसली तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतोच. बटण चालते यावरून अर्थिंग ठीक आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

झिणझिण्या स्वतः फारशा घातक नसतात, पण अर्थ तुटलेली आहे हे त्यांच्यावरून कळते, आणि ती गोष्ट घातक आहे. उद्या मशीनच्या आत फेजची तार निसटून खोक्याला टेकली, तर शाबूत अर्थच्या मार्गाने मोठा प्रवाह वाहून एमसीबी किंवा आरसीसीबी त्याच क्षणी पडला असता. अर्थ नसेल तर काहीच पडणार नाही, टेबल पूर्ण २३० व्होल्टच्या दाबाला जाऊन शांतपणे उभे राहील, आणि त्या प्रवाहाला जमिनीकडे जाण्याची पहिली वाट टेबलाला हात लावणाऱ्याच्या शरीरातून मिळेल. त्यानंतर आरसीसीबी पडेलही. परंतु आपले संरक्षण आपल्याच अंगातून जाणाऱ्या प्रवाहावर सोपवणे शहाणपणाचे नाही.

आता अर्थची पिन न्यूट्रलला का जोडायची नाही ते पाहा. सॉकेटपर्यंत येणारा न्यूट्रल मागे कोठेही सैल झाला किंवा तुटला, तर मशीनच्या आतून आलेला फेजचा दाब त्या तुकड्यावाटे थेट खोक्यावर येतो, आणि तेही मशीन पूर्णपणे निर्दोष असताना. झिणझिण्या थांबतात हे खरे, पण त्या ज्या दोषाची सूचना देत होत्या तो झाकला जातो. जमिनीत सळई ठोकण्याचे म्हणाल तर, तिचा जमिनीशी रोध ५० ओहम धरला तरी २३० व्होल्टला तिच्यातून ४.६ अँपिअरच वाहतील आणि १६ अँपिअरचा एमसीबी हलणारसुद्धा नाही. ज्या ठिकाणी संपूर्ण इमारतीचे अर्थिंग अशा रॉडवरच आधारलेले असते, तेथे ते मोजून, तपासून आणि आरसीसीबीच्या जोडीने केलेले असते. तुटलेल्या तारेला पर्याय म्हणून ठोकलेली सळई ही त्यात मोडत नाही.

तपासणी अशी करा. प्लग काढलेला असताना मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगची अर्थ पिन आणि खोक्याचा रंग नसलेला एखादा स्क्रू यांच्यामधील रोध मोजा. तो एक ओहमच्या आत आला पाहिजे. त्यानंतर एक्स्टेन्शन सुटी करून तिच्या प्लगची अर्थ पिन आणि दुसऱ्या टोकाच्या सॉकेटमधील अर्थ यांच्यामध्ये तेच मोजा, आणि मोजताना वायर दोन्ही टोकांना थोडी हलवून पाहा. माझा पहिला संशय एक्स्टेन्शनवरच आहे. रिळाच्या सॉकेटजवळ आणि प्लगमध्ये ओढ बसून अर्थची तार निसटणे हे नेहमीचे आहे, आणि तिच्यावाचून मशीन बिनतक्रार चालत असल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. या दोन्ही गोष्टी ठीक निघाल्या तर भिंतीतील सॉकेट संशयित ठरते. ते तपासण्यासाठी परवानाधारक वीजतंत्री बोलवा, कारण तेथे वीज चालू ठेवून लूपचा, म्हणजे फेजपासून अर्थमार्गे परत जाणाऱ्या पूर्ण वाटेचा, रोध मोजावा लागतो.

एमसीबी पडण्याचे कारण साध्या हिशेबात आहे. रॉडच्या वेल्डिंगसाठी आर्कचा दाब २० अधिक प्रवाहाच्या ०.०४ पट, असा धरण्याचा संकेत आहे. १२० अँपिअरला तो २४.८ व्होल्ट येतो, म्हणजे आर्कमध्ये सुमारे ३ किलोवॅट खर्च होतात. मशीनची कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी उपयोगी पडणारा वाटा, ०.६५ ते ०.७ धरला (पॉवर फॅक्टर सुधारणारी रचना नसलेल्या मशीनमध्ये तो एवढाच असतो), तर पुरवठ्यातून २३ ते २५ अँपिअर ओढले जातात. २.५ च्या रॉडला ८० अँपिअरवर हाच आकडा १५ च्या आसपास येतो. त्यामुळे २.५ चा रॉड १६ अँपिअरच्या सॉकेटवर कसाबसा निभावतो, आणि ३.१५ च्या रॉडला काही मिनिटांनी एमसीबी पडतो. एमसीबी त्याचे कामच करत आहे. मागची वायर तीच ठेवून त्याच्या जागी ३२ अँपिअरचा बसवला, तर पुढच्या वेळी एमसीबीऐवजी भिंतीतील वायर तापेल. मशीनसाठी बोर्डापासून स्वतंत्र सर्किट घ्या. अंतरानुसार ४ किंवा ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३२ अँपिअरचे औद्योगिक सॉकेट, आणि चालू होतानाचा क्षणिक मोठा प्रवाह सहन करणारा सी किंवा डी प्रकारचा एमसीबी. तोपर्यंत २.५ च्या रॉडवरच काम भागवा.

एक्स्टेन्शन वापरावीच लागली तर ती २.५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नसावी आणि रिळावरून पूर्ण उलगडलेली असावी. गुंडाळलेल्या वायरमधील उष्णतेला बाहेर पडायला वाव मिळत नाही आणि आतले इन्सुलेशन मऊ होऊन तारा एकमेकींना चिकटतात. १.५ चौरस मिलिमीटरच्या ३० मीटर वायरमध्ये २४ अँपिअरला १७ व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्च होतो, हेही लक्षात असू द्या.

संधाता

वीजतंत्री यांनी सोडलेला भाग पुढे नेतो.

रॉड बदलताना बसलेला झटका हा मशीनच्या दुय्यम, म्हणजे होल्डर आणि क्लॅम्पच्या, बाजूचा आहे. आर्क पेटलेला नसतो तेव्हा होल्डर आणि अर्थ क्लॅम्प यांच्यामध्ये बहुतेक मशीनमध्ये ६० ते ८० व्होल्टचा दाब असतो. आर्क पेटला की तोच २० ते २८ व्होल्टपर्यंत उतरतो. म्हणजे वेल्डिंग चालू असतानापेक्षा ते थांबलेले असताना, नेमका रॉड हातात धरून बदलण्याच्या वेळी, दाब सर्वाधिक असतो. कोरड्या कातड्याच्या हातमोज्यांतून तो जाणवत नाही. घामाने भिजलेल्या मोज्यातून आणि ओल्या त्वचेतून मात्र तो सहज शिरतो, विशेषतः दुसरा हात किंवा मांडी जॉबला टेकलेली असेल तेव्हा.

आरसीसीबी या वेळी का पडत नाही? तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तुलना करतो. मशीनमधील ट्रान्सफॉर्मरमुळे दुय्यम बाजू पुरवठ्यापासून विद्युतदृष्ट्या पूर्णपणे अलग असते. होल्डरमधून तुमच्या हातात, तेथून जॉबमध्ये आणि क्लॅम्पवाटे मशीनमध्ये परत, असा तो प्रवाह आपल्याच वर्तुळात फिरतो आणि आरसीसीबीपर्यंत त्याची वार्ताही जात नाही. या बाजूला तुमच्यासाठी पडणारे कोणतेही उपकरण बोर्डात नाही, हे वेल्डिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे. येथे संरक्षण आहे ते कोरड्या मोज्यांचे, न तडकलेल्या होल्डरचे आणि पायाखालच्या कोरड्या लाकडी फळीचे किंवा रबरी मॅटचे. मोज्यांचा दुसरा जोड जवळ ठेवा आणि पहिला ओला वाटला की बदला. होल्डर काखेत धरू नका, तापला म्हणून पाण्यात बुडवू नका, आणि काम थांबवताना त्यातला रॉड काढून टाका.

मशीनच्या पाटीवर चौकोनात रोमन लिपीतील एस हे अक्षर आहे का पाहा. आयईसी ६०९७४-१ या मानकानुसार ते अक्षर असलेले मशीन ओलसर किंवा चहूबाजूंनी धातूने वेढलेल्या जागी वापरण्यास योग्य मानले जाते. तेथे एसी मशीनचा मोकळा दाब ४८ व्होल्टपेक्षा अधिक चालत नाही, डीसीला ११३ व्होल्टपर्यंत मुभा आहे. काही मशीनमध्ये आर्क विझताच हा दाब आपोआप खूप खाली आणणारी व्हीआरडी नावाची सोय असते. घाम फार येणाऱ्या हवेत काम करायचे असेल तर तिच्यासाठी थोडे अधिक पैसे मोजणे मला योग्य वाटते.

आता क्लॅम्प. ज्याला आपण सगळे अर्थ क्लॅम्प म्हणतो, त्याचा प्लगमधील अर्थच्या तारेशी काहीही संबंध नाही. तो वेल्डिंगचा पूर्ण प्रवाह परत नेणारा मार्ग आहे. म्हणून तो जॉबवरच, जोडाच्या जितका जवळ शक्य असेल तितका, रंग आणि गंज घासून काढलेल्या उघड्या धातूवर लावा. कामसू यांच्या सळईला माझा आक्षेप येथे आहे. टेबल जमिनीशी जोडलेले आहे आणि क्लॅम्प कोणी शेडच्या लोखंडी खांबाला अडकवला आहे, अशी कल्पना करा. जॉबमधून निघालेले ९० अँपिअर क्लॅम्पपर्यंत पोहोचण्यासाठी मिळेल ती धातूची वाट धरतात, आणि त्या वाटेत एखाद्या यंत्राची बारीक अर्थची तार असेल तर ती जळून जाते. ती जळाल्याचे कोणाला कळतही नाही, कारण यंत्र चालतच राहते. वाहनावर वेल्डिंग करताना क्लॅम्प दूर लावल्याने बेअरिंगमधून प्रवाह जाऊन त्याच्या गोळ्यांवर खड्डे पडतात, तेही याच कारणाने. वाहनाची बॅटरी तर आधी सोडवलीच पाहिजे. टेबलाला सळई जोडण्याऐवजी मशीन टेबलावरून उतरवून कोरड्या लाकडी घोडीवर ठेवा. ग्राइंडरच्या ठिणग्यांपासूनही ते दूर राहील.

होल्डर आणि क्लॅम्पच्या केबल २०० अँपिअरच्या मशीनला तांब्याच्या, २५ चौरस मिलिमीटरच्या असाव्यात. मशीनसोबत येणाऱ्या केबल पुष्कळदा याहून बारीक असतात आणि काहींत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेला असतो. चार-सहा रॉड जाळून झाल्यावर मशीन बंद करून केबलला आणि फिरवून घट्ट करायच्या जोडांना हात लावून पाहा. केबलपेक्षा जोड अधिक गरम असेल तर तो सैल आहे.

रॉड चिकटण्याचा दोष पूर्णपणे पुरवठ्यावर ढकलता येणार नाही. २.५ च्या ६०१३ ला ६० ते ९० आणि ३.१५ ला ९० ते १३० अँपिअर ही मर्यादा असते. रॉडच्या खोक्यावर छापलेला आकडा मशीनवरच्या तक्त्यापेक्षा अधिक विश्वासार्ह मानावा. ८५ अँपिअरवर ३.१५ चा रॉड चिकटणारच. दोन मिलिमीटरच्या पाइपला ३.१५ घेऊच नका, २.५ वर ५५ ते ६५ अँपिअर पुरे होतात. ६०१३ हा एसीवर आणि डीसीच्या दोन्ही ध्रुवांवर चालतो. पातळ पाइपला होल्डर ऋण टोकाला लावला तर जॉबला भोक पडण्याची शक्यता कमी होते, आणि जाड अँगलला धन टोकाला लावून अधिक खोल पेनिट्रेशन मिळते, म्हणजे जोड धातूत खोलवर जातो. ७०१८ वापरायचा झाला तर होल्डर धन टोकालाच हवा, आणि तो रॉड कोरडा ठेवण्याची व्यवस्थाही हवी. उघडलेला पुडा १२० ते १५० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवायचा असतो. अशी सोय नसताना केवळ ताकदीच्या आकड्यावर भाळून तो घेण्यात मला अर्थ दिसत नाही. ६०१३ मधील ६० म्हणजे जोडलेल्या धातूची ताणशक्ती चौरस इंचाला किमान ६० हजार पौंड, आणि घरगुती चौकटीला ती पुरून उरते.

आर्क पेटवताना रॉड काडेपेटीवर काडी ओढावी तसा ओढून लगेच उचला, आणि नंतर रॉडच्या टोकाचे जॉबपासूनचे अंतर रॉडच्या तारेच्या जाडीइतके ठेवा. नवशिक्यांचा हात भीतीने उचलला जातो. आर्क लांबला की शिंतोडे वाढतात, बीड (जोडावर साचणारी धातूची रेघ) पसरट होते आणि कडा खणल्या जातात. रॉड ओढण्याच्या दिशेला दहा-पंधरा अंश कलता ठेवून, वितळलेल्या धातूकडे पाहत पुढे जा, आर्कच्या झगमगाटाकडे नव्हे. स्लॅग (वितळलेल्या धातूवर येणारी मळी) पुढे धावून येऊ लागली तर हाताचा वेग किंवा कोन चुकतो आहे. मशीनवर आर्क फोर्सचे (आर्क आखूड झाला की प्रवाह वाढवणारे) बटण असेल तर ते थोडे वाढवल्याने चिकटणे कमी होते.

ड्यूटी सायकलची चिंता तुम्हाला सध्या नको. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे २०० अँपिअरवर, आणि तेही ४० अंश सेल्सिअस हवेत. प्रवाहाच्या वर्गाशी वेळेचे व्यस्त प्रमाण धरले तर तेच मशीन १५५ अँपिअरवर अखंड चालायला हवे. तुम्ही ९० वर काम करता आणि रॉड बदलण्यात, स्लॅग ठोकण्यातच निम्मा वेळ जातो. मात्र पाटीवरील आकडा खरा आहे असे गृहीत धरून मी हे लिहीत आहे. नुसत्या मोठ्या आकड्याचा स्टिकर आणि त्याखाली टक्केवारीचा तक्ताच नाही, अशा मशीनला हा हिशेब लावू नका.

छंदिष्ट

दोघांचाही मनःपूर्वक आभारी आहे. एक्स्टेन्शनच्या प्लगमध्ये अर्थची तार स्क्रूतून पूर्णपणे निसटलेली सापडली. मशीनच्या बाजूला रोध अर्ध्या ओहमपेक्षा कमी आला, आणि भिंतीतील सॉकेट वीजतंत्र्याकडून मोजून घेतले ते ठीक निघाले. नवीन प्लग लावल्यापासून झिणझिण्या नाहीत. स्वतंत्र सर्किटचे काम होईपर्यंत २.५ च्या रॉडवरच थांबलो आहे.

आणखी दोन प्रश्न. माझ्याकडे आपोआप काळे होणारे हेल्मेट आहे, तरीही टॅक (तात्पुरता छोटा जोड) मारताना ते कधी कधी उशिरा काळे झाल्यासारखे वाटते, आणि एकदा रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे झोंबत राहिले. शिवाय पुढील कामासाठी गॅल्व्हनाइज्ड पाइप मिळाला आहे. तो तसाच जोडला तर चालेल काय?

सुरक्षा अधिकारी

डोळ्यांचे जे वर्णन तुम्ही केले आहे, ते आर्कच्या अतिनील किरणांनी बुबुळाचा बाह्य पापुद्रा भाजल्याचे आहे. किरण लागतात त्या वेळी काहीच वाटत नाही, त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, आणि म्हणूनच माणसे त्याचा संबंध दुपारच्या दोन टॅकशी जोडत नाहीत. तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. परंतु दुखणे वाढले, नजर अंधुक झाली किंवा कण गेल्याची शंका असली तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनाने घालत राहू नका, त्याने बुबुळाची जखम भरण्यास उशीर होतो.

चांगल्या प्रतीच्या स्वयंचलित हेल्मेटमधील काच उजळ असतानाही अतिनील आणि अवरक्त किरण अडवते; उशीर झाल्यास दिपते, पण भाजत नाही. म्हणून तुमच्या बाबतीत मला दोन शक्यता दिसतात. एक तर हेल्मेटची बॅटरी किंवा सेन्सर दुबळे आहेत आणि काचेचा दर्जा संशयास्पद आहे, किंवा हेल्मेट वर करून नुसत्या अंदाजाने टॅक मारले गेले आहेत. सेन्सरवरचे शिंतोडे पुसा, संवेदनशीलता वाढवा, आणि तुमच्या प्रवाहासाठी १० किंवा ११ क्रमांकाची काळोखी ठेवा. शंका राहिलीच तर १० क्रमांकाची साधी स्थिर काच कधीही अधिक विश्वासाची. हेल्मेटच्या आत पारदर्शक गॉगल घालाच, कारण स्लॅग ठोकताना हेल्मेट वर जाते आणि गरम तुकडे नेमके तेव्हाच उडतात. मान, मनगटे आणि गळ्याजवळचा शर्टाचा उघडा भाग झाका. कपडे जाड सुती असावेत, कृत्रिम धाग्याचे कापड वितळून त्वचेला चिकटते. बाजूला उभे राहून पाहणाऱ्यांसाठी पडदा लावा, विशेषतः मुले जवळपास असतील तर.

गॅल्व्हनाइज्ड पाइप तसाच जोडू नका. जस्ताच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी आणि तोंडाला धातूची चव असा त्रास होतो आणि तो एक-दोन दिवस टिकतो. जोडापासून सर्व बाजूंनी २५ ते ५० मिलिमीटरपर्यंतचे जस्त बाहेरून आणि पोहोचेल तेवढे आतूनही घासून काढा, घासतानाही मास्क लावा, आणि वेल्डिंगनंतर त्या जागी जस्तयुक्त रंग द्या. पिवळसर झाक असलेला मुलामा दिसला आणि तो कॅडमियमचा असण्याची शंका आली, तर त्या भागाला वेल्डिंग करूच नका, कारण त्याचा धूर फुप्फुसांना प्राणघातक ठरू शकतो. तेल काढण्यासाठी क्लोरीनयुक्त द्रावण किंवा ब्रेक क्लीनर वापरला असेल तर आर्कजवळ त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. वायर ब्रश, ग्राइंडर आणि साबणाचे पाणी यांवर भागवा आणि भाग पूर्ण वाळू द्या.

साध्या लोखंडाच्या धुरालाही हलके लेखू नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले. तुमची शेड बंदिस्त असेल तर दोन्ही बाजूंची दारे उघडा आणि पंखा असा ठेवा की हवा तुमच्या एका कुशीकडून येऊन धूर दुसरीकडे नेईल. रॉडला स्वतःचे फ्लक्स (जोडाला हवेपासून जपणारा लेप) असल्याने वाऱ्याच्या झुळकेने त्याचे फारसे बिघडत नाही. डोके धुराच्या लोटाबाहेर ठेवा. एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाचा मास्क कणांना अडवतो, वायूंना नाही.

आगीबद्दल या चर्चेत अजून कोणी लिहिलेले नाही, त्याचे मला आश्चर्य वाटते. ठिणग्या दहा-अकरा मीटरपर्यंत घरंगळत जातात आणि फटीत, भुशात किंवा कापडाच्या बोळ्यात शिरून बराच वेळ धुमसत राहतात. तेवढ्या अंतरातील रंग, पातळ करण्याचे द्रावण, फोम आणि पुठ्ठे काढा. जे हलवता येत नाही ते आगरोधक कापडाने झाका, आणि कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. काम संपल्यावर निदान अर्धा तास, जमल्यास एक तास, जागा सोडू नका. पाइपची दोन्ही तोंडे बंद करून शेवटचा जोड मारायचा असेल तर आधी एक बारीक भोक पाडा. आत कोंडलेली हवा तापून वितळलेला धातू चेहऱ्याकडे उडवते. तेलाचे किंवा इंधनाचे रिकामे पिंप कितीही धुतलेले असले तरी ते घरगुती कामाचे नाही. शरीरात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारल्यावाचून मशीनच्या किंवा केबलच्या जवळ थांबू नये.

कामसू

न्यूट्रल जोडण्याची सूचना मागे घेतो, आरसीसीबीचे टेस्ट बटण अर्थवाचून चालते हे मला ठाऊक नव्हते. जाता जाता विचारतो, सॉकेटचे काम होईपर्यंत हे मशीन ५ केव्हीएच्या जनरेटरवर चालेल काय?

वीजतंत्री

२.५ च्या रॉडपुरते चालेल. वर काढलेल्या हिशेबाने ८० अँपिअरला सुमारे साडेतीन केव्हीए लागतात, ३.१५ साठी मात्र ८ केव्हीएच्या खाली जाऊ नका, कारण आर्क पेटताना आणि तुटताना भार एकदम बदलतो आणि लहान जनरेटरचा दाब हेलकावे खातो. दाब स्थिर ठेवणारी एव्हीआरची सोय जनरेटरला असावी. आधी जनरेटर चालू करून त्याचा वेग स्थिर होऊ द्या, मग मशीन चालू करा. बंद करताना क्रम उलटा. जनरेटर शेडच्या बाहेर ठेवा, त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

छंदिष्ट यांच्यासाठी आणखी एक. ग्राइंडरची लोखंडी धूळ पंख्यावाटे इन्व्हर्टरच्या आत जाते आणि सर्किटच्या पट्ट्यांवर बसून शॉर्ट करते. ही मशीन निकामी होण्याचे हे एक मोठे कारण आहे. काही महिन्यांनी जाळीतून कोरडी, कमी दाबाची हवा मारा. खोका उघडण्याची वेळ आली तर प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी काही काळ साठून राहतात. पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा आणि मीटरने मोजून ते उतरल्याची खात्री झाल्यावरच आत हात घाला.